थुट्या आणि नीळ घातलेली टोपी

पक्ष्याचा फोटो आवडला की लोक दोन गोष्टी विचारतात. कॅमेरा कोणता, आणि सेटिंग काय होतं. पक्षी कोणता, हा प्रश्न तिसऱ्या नंबरावर येतो आणि बऱ्याचदा येतच नाही. मला त्याचा राग येत नाही. सव्वीस वर्षं मी धाराशिवात फोटो स्टुडिओ चालवते आहे. लग्नसराईत लग्नं, वर्षभर अर्जांना लावायचे फोटो आणि मोकळ्या रविवारी पक्षी, अशी माझी विभागणी आहे. पक्ष्यांचे फोटो शाळांच्या तक्त्यांना आणि कॅलेंडर छापणाऱ्यांना जातात, त्यामुळे घरातही या रविवारांना कुणी नावं ठेवत नाही.

सेटिंग विचारणाऱ्यांसमोर मी माझी वही ठेवते. दर फेरीला एक ओळ. जागा, वेळ, उजेड कसा होता, कॅमेऱ्याचे आकडे काय होते, आणि शेवटच्या रकान्यात काय चुकलं. हा शेवटचा रकाना आजवर कधी रिकामा राहिलेला नाही. लोक मधले आकडे मोबाइलमध्ये टिपून घेतात, शेवटचा रकाना वाचत नाहीत, आणि मग माझ्या आकड्यांनी त्यांचे फोटो बिघडतात.

ज्यांनी कधी कॅमेरा धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढच्या हकिकतीला ते लागणार आहे. उजेड किती वेळ आत घ्यायचा ते शटर ठरवतं. निवांत बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो, उडणाऱ्याला दोन हजारावा लागतो. उजेड कमी असला तर आयएसओ वाढवायचा. ते कॅमेऱ्याची नजर ताणण्यासारखं आहे. जास्त ताणली की फोटोभर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात.

रंगीत पक्ष्यांची अडचण आणखी वेगळी. भडक रंग कॅमेऱ्याला सोसत नाहीत. हळद्या नावाचा पक्षी आपल्याकडच्या आमराईत बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पिवळाजर्द, डोळ्यात काजळ घातलेला. भर उन्हात त्याचा फोटो काढला की पिसाची रेघसुद्धा उरत नाही, झाडाला प्लास्टिकची पिवळी पिशवी अडकल्यासारखी दिसते. याच्यावरचा उपाय मला पक्ष्यांनी नाही, नवरदेवांनी शिकवला. हळदीला नवरदेव पाटावर बसतो, अंगभर हळद, डोक्यावर पिवळ्या कापडाचा मांडव. सुरुवातीच्या लग्नांत माझे सगळे नवरदेव नाकडोळे नसलेले पिवळे गोळे आले होते. मग मी उजेड मुद्दाम थोडा कमी घ्यायला शिकले. तेच माप पुढे हळद्याला जसंच्या तसं चाललं.

नीलपंखाचं उलट आहे. आमच्याकडे त्याला चास म्हणतात. तारेवर बसलेला असतो तेव्हा मातकट, मान आत घेतलेला, सर्दी झाल्यासारखा. सगळा निळा रंग त्याने पंखात ठेवलेला असतो. एक निवृत्त अधिकारी मनगटापासून कोपरापर्यंत येईल एवढी लेन्स घेऊन स्टुडिओत आले आणि त्यांनी चासाचे साठेक फोटो माझ्यासमोर मांडले. सगळे बसलेले. हा निळा का येत नाही, लेन्समध्ये दोष आहे का, असं त्यांनी मला दरडावून विचारलं. मी म्हटलं, साहेब, शटर दोन हजारावर ठेवा आणि तो उठेपर्यंत थांबा. थांबायचं किती, असं त्यांनी विचारलं. ते त्या पाखराला विचारावं लागेल, असं मी सांगितलं, तर रागावून गेले. दोन महिन्यांनी एकच फोटो घेऊन आले. अर्धा पंख चौकटीच्या बाहेर गेलेला, पण निळा. तो मोठा करून घेताना काउंटरवरून हलले नाहीत.

आता पांढऱ्याचं सांगते. कॅमेऱ्याला रंग आपोआप कळत नाहीत, पांढरं कशाला म्हणायचं ते आधी सांगावं लागतं. बल्बच्या उजेडात पांढरा कागद पिवळा असतो, झाडाच्या सावलीत निळसर असतो. आपलं डोकं गुपचूप दुरुस्ती करून तो आपल्याला पांढराच दाखवतं. कॅमेऱ्यात ही दुरुस्ती आपण करायची, तिला व्हाइट बॅलन्स म्हणतात. त्यासाठी माझ्याकडे करड्या रंगाचं एक कार्ड आहे. पक्षी जिथे येणार तिथल्याच उजेडात ते धरायचं, त्याचा फोटो घ्यायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, हे करडं, बाकीचं यावरून ठरव. पिवळ्या मांडवाखाली असं केलं की कॅमेरा सगळ्यात थोडा निळा मिसळतो आणि नवरदेव माणसासारखा दिसायला लागतो. ही मापं साठवायला माझ्या कॅमेऱ्याच्या चकतीवर तीन जागा आहेत. एकवर हळद, दोनवर स्टेज, तीनवर पक्षी.

एक कबुलीही देऊन टाकते. दहा-बारा वर्षांपूर्वी लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरीच्या मागे धबधबा, राजहंस, बर्फाचे डोंगर लावायची साथ होती. मीही लावले, पुष्कळ लावले. लोक मागत होते आणि मला ते चांगलं जमत होतं. त्याचा जाब मला ईट नावाच्या गावात विचारला जाईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मनीषा नावाची एक बाई अर्जाचा फोटो काढायला आली. भूम तालुक्यातल्या ईटची. तिचं लग्न मीच काढलं होतं, म्हणून धाराशिवात काम निघालं की ती माझ्याकडेच फोटो काढते. स्टुलावर बसवली, हनुवटी सरळ करायला सांगितली, पण तिची नजर लेन्सकडे ठरेना. माझ्या मागच्या भिंतीवर पक्ष्यांचे फोटो आहेत, त्यांच्यावरून ती सारखी फिरत होती. शेवटी तिने विचारलं, "ताई, असं पाखरू असतंय का, पाठ हिरवी, खांद्याला निळं, बुडाला लाल, अन् शेपूट तोडल्यावानी?"

माझा हात बटणावरच राहिला. आपल्या जिल्ह्यात दिसणाऱ्या रंगीत पक्ष्यांची मी एक यादी केली आहे. एकेचाळीस नावं. चाळिसांपुढे खूण होती. उरलेलं नाव नवरंगाचं होतं, आणि ती त्याचंच वर्णन करत होती. दक्षिणेकडून पावसाच्या सुमाराला येतो, झुडपांच्या बुडात जमिनीवर पाला उलटा करत हिंडतो, सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो, असं मी सांगितलं. तिने मोठा श्वास सोडला.

"म्हंजी असतंय," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. तिचे सासरे अंगदतात्या, वय बहात्तर. घरात आणि गावात सगळेच त्यांना तात्या म्हणतात. दोन्ही डोळ्यांत बरीच वर्षं मोतीबिंदू, आज करू उद्या करू म्हणत पिकत गेलेला. फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. डाव्याची तारीख जूनअखेरची मिळाली होती. पण पट्टी सुटल्यापासून तात्या भलतंच बोलायला लागले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, माझी टोपी निळी आहे. मग म्हणाले, भिंत निळसर आहे. रंग उठून दिसतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तिच्या नवऱ्याने, बालाजीने, ते चार-आठ दिवसांपुरतं धरलं. इथे चार महिने झाले होते.

त्यात हे पाखरू. शेताखालच्या ओढ्यात ते दरसाल येतं. आखूड शेपटामुळे तात्यांनीच त्याचं नाव थुट्या ठेवलं होतं, आणि सात-आठ वर्षं तेच सगळ्यांना सांगत आले होते की थुट्या मातीच्या रंगाचा आहे, ढेकळात बसला तर दिसत नाही. यंदा ओढ्यावरून आले आणि म्हणाले, थुट्याला नऊ रंग आहेत. पारावर हसू झालं. बालाजी मात्र हसला नाही, घाबरला. तात्यांच्या डोक्यात काहीतरी बिघडलं, हे त्याने मनाशी धरलं. डावा डोळा करायचा नाही, असं त्याने घरात जाहीर केलं. एका डोळ्याने एवढं झालं, दुसऱ्यात हात घालायला नको. आणि त्या डाव्या डोळ्यातून तात्यांना उजेडापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं. एकाच डोळ्यावर चालणाऱ्याला खोली कळत नाही. दोनदा बांधावरून पडले होते.

मी तिला पुस्तकातलं चित्र दाखवू शकले असते. तिने आधीच सांगितलं, पुस्तकातलं त्यांना चालायचं नाही, आपल्या ओढ्यातलं दाखवा म्हणतील. मी रविवार ठरवला. खरं लिहायचं तर मी ईटला निघाले ती यादीतल्या एकेचाळिसाव्या नावासाठी. तात्यांचा डोळा माझ्या मनात दुसऱ्या नंबरावर होता. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

पहाटे चारला निघाले, उजाडायच्या आत त्यांच्या शेतातल्या घरी पोचले. बालाजीने अदबीने पाणी दिलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, तुमी आमच्या लग्नाच्या फोटूत मागं धबधबा लावला होता."

मी म्हटलं, हो, तेव्हा तसं असायचं.

"ईटात धबधबा कुठंय?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. "आमचे पाव्हणे अजून इचारतेत. न्हाय, मी आपलं आधीच सांगितलं. तुमी फोटू काढा. काढायला काय, म्हशीला बी पंख काढताल."

तात्या काठी टेकत माझ्यापुढे ओढ्यात उतरले. उंच, वाळलेले, पांढरी टोपी, कमी बोलणारे. उतारावर पाय टाकण्याआधी ते प्रत्येक वेळी काठीने जमीन चाचपत होते. सीताफळीच्या झुडपांखाली ओल होती, एक चपटा दगड होता. तिकडे बोट करून ते बसले आणि मलाही बसायची खूण केली. साडेसहाच्या सुमाराला दोन सुरांची शीळ आली, एक चढती, एक उतरती. तात्यांनी काठी न हलवता फक्त हनुवटी वळवली. पाल्यातून टुणटुण उड्या मारत ते पाखरू आलं आणि दगडावर उभं राहिलं. अकरा वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्यापासून पंधरा पावलांवर शेपटाचं थोटूक हलवत होतं. मी चाळीसेक फोटो काढले. छोट्या स्क्रीनवर पक्ष्याचा डोळा स्वच्छ आलाय ना, एवढंच पाहिलं. आमच्या धंद्यातली ती सवय आहे, डोळा चोख आला की बाकी कुणी बघत नाही.

घराच्या ओट्यावर बालाजीच्या हातात कॅमेरा दिला. त्याने फोटो मोठा केला, सरकवला, परत मोठा केला.

"पाखरू निळं हाय, खरं हाय," तो म्हणाला. "दगड बी निळाय. पाला बी निळाय. ह्या कोपऱ्यात तात्यांचं धोतर आलंय, ते बी निळंय." कॅमेरा त्याने परत माझ्या हातात ठेवला. "मॅडम, तात्यांच्या डोळ्यात जे झालंय तेच तुमच्या कॅमेऱ्यात झालंय."

मी चकती पाहिली. एकवर होती. आदल्या दिवशी शनिवारी एक हळद होती, आणि पिवळ्या मांडवासाठी भरलेला निळा मी तसाच ओढ्यावर घेऊन आले होते. निघण्याआधी तपासायच्या गोष्टींची माझी वेगळी यादी असते, तिच्यात 'चकती तीनवर' ही ओळ होती आणि तिच्यापुढे खूणही होती. फक्त ती खूण मी शुक्रवारीच करून ठेवली होती, म्हणजे शनिवारी धांदल नको.

मी बालाजीला समजावलं. मूळ फाइल असते, संगणकावर पाच मिनिटांत रंग जागेवर येतात, असंही सांगितलं.

"करा की," तो म्हणाला. "धबधबा बी लावा मागं."

तात्या ओट्याच्या टोकाला बसले होते. त्यांनी फोटो मागितला नाही. टोपी काढून दोन्ही हातांत धरली, उलटी केली, परत डोक्यावर घातली आणि गोठ्याकडे गेले.

त्या आठवड्यात मनीषाचा फोन आला. पारावर लोक रोज विचारत होते, तात्या, आज दहावा रंग दिसला का. आता तर फोटोवालीचं यंत्रही तात्यांसारखंच झालंय, अशी भर पडली होती. ती मी घातली होती. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारी होती आणि बालाजीने नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. फोन करायचं तेवढं राहिलं होतं.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी मी परत गेले. सगळ्या खुणा त्याच दिवशी पहाटे केल्या. या वेळी बालाजीही ओढ्यात उतरला, माझ्यासमोर काढा म्हणाला, आणि बांधाच्या कडेला हाताची घडी घालून बसला. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, करडं कार्ड दगडावर ठेवून पांढऱ्याचं माप घेतलं, मग कार्ड उचललं. नेम जुळवायला दगडावर काहीतरी हवं होतं. तात्यांना म्हटलं, एखादी वस्तू ठेवा तिथे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

फोटो काढून स्क्रीनवर पाहिला. टोपी निळी होती.

चकती पाहिली, तीनवर होती. कार्ड परत ठेवलं, माप परत घेतलं, परत फोटो. दगड दगडासारखा, पाला हिरवा, माती माती. टोपी निळी. पिशवीतून माझा पांढरा रुमाल काढला आणि टोपीशेजारी ठेवून तिसरा फोटो घेतला. रुमाल पांढरा आला, त्याच्याशेजारी टोपी फिक्या आभाळासारखी.

"काय झालं, बाई?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, टोपी निळी येतेय."

"ती निळीच हाय," ते म्हणाले. "चार महिने म्या दुसरं काय सांगायलोय?"

मनीषा चहाची किटली घेऊन उतरत होती. मी तिला विचारलं, टोपीला नीळ घालता का. घालते की, ती म्हणाली, पांढऱ्या कपड्यांना सगळेच घालतात. किती, असं विचारल्यावर तिने किटली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "तात्याच म्हनायचे, टोपी पिवळी राहती, नीट धुवत न्हाय तू. म्हनून जरा वाढवली. तरी म्हनायचे पिवळीच हाय. मंग आनखी वाढवली."

"किती वर्षं?"

"सहाएक झाली असतील."

मी टोपी आणि रुमाल दोन्ही बालाजीच्या हातात दिले. कॅमेऱ्याची आता गरज नव्हती. तो बांधावर उन्हात जाऊन उभा राहिला, एका हातात टोपी, एका हातात रुमाल. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या टोप्या कमीजास्त अशाच असतात, आणि आपण सगळे त्यांना पांढऱ्या म्हणतो. शेजारी खरं पांढरं ठेवून कुणी बघत नाही. तो बराच वेळ बघत राहिला.

मग तात्या उठून त्याच्याकडे गेले. जे चार महिने त्यांना कुणी नीट करू दिलं नव्हतं ते त्यांनी केलं. टोपी उन्हात हातभर अंतरावर धरली. तळव्याने उजवा डोळा झाकला आणि म्हणाले, "ह्या डोळ्यानं धुरकट दिसतीय, अन् पिवळी." मग डावा झाकला. "ह्यानं निळी." हात खाली घेतला. "आता म्या कुणाचं खरं धरायचं?"

मला जे समजतं त्या भाषेत मी बालाजीला सांगितलं. डोळ्याचं भिंग म्हातारपणी पिवळं पडत जातं. तात्या इतकी वर्षं हळदीच्या मांडवाखाली बसून जग बघत होते. निळा रंग त्या कापडातून आतच येत नव्हता, म्हणून टोपी पिवळी आणि थुट्या मातीचा. ऑपरेशनने एका डोळ्यावरचा मांडव निघाला. दुसरा डोळा अजून मांडवात आहे. डोकं दोघांचं ऐकतंय आणि गोंधळत नाहीये, उलट नेमकं सांगतंय की दोघं वेगळं दाखवतात. चुकलं असेल तर नीळ चुकली, आणि ती तात्यांच्याच सांगण्यावरून वाढली.

बालाजी काही बोलणार होता, तेवढ्यात शीळ आली. तात्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. आम्ही चौघं होतो तिथेच बसलो, मनीषाच्या हातात किटली तशीच. पाल्यात खसखस झाली आणि थुट्या बाहेर आला. शटर अडीचशे, आयएसओ बत्तीसशे, उजेड थोडा खाली, सगळं जागेवर होतं. त्याने एक पान चोचीने उलटं केलं, किडा उचलला, आमच्याकडे पाठ केली. पाठ हिरवी, खांद्यावर चमकता निळा चट्टा. मग शेपटाचं थोटूक वर झालं आणि खालचा लाल रंग दिसला, कुंकवाचं बोट पुसल्यासारखा. डोळ्यावरून काळी पट्टी, वर पांढरी भुवई, गळा पांढरा, छाती पिकल्या गव्हाच्या रंगाची. नऊ भरतात की आठ यावर वाद घालता येईल. मातीचा मात्र तो अजिबात नव्हता.

बालाजी या शेतात चाळीस वर्षं वावरला होता. झुडपाच्या बुडाशी वाकून बघायचं त्याला कधी कामच पडलं नव्हतं. तो तोंड किंचित उघडं ठेवून बघत होता. थुट्या पाल्यात गेला तरी त्याची नजर दगडावरच होती.

मी अकरा फोटो काढले होते. त्या दिवशी कुणी फोटो मागितला नाही.

चढ चढताना बालाजी तात्यांच्या डाव्या बाजूने चालला. टोपी अजून त्याच्याच हातात होती. वर आल्यावर ती तात्यांना देत म्हणाला, "मंगळवारी साताला निघाय लागंल. आंघोळ लवकर करा."

तात्या म्हणाले, "बरं."

एवढंच झालं. मी गाडीत सामान ठेवायला गेले आणि जरा वेळ तशीच सीटवर बसून राहिले. सव्वीस वर्षांत कामं पुष्कळ सुटली, पुष्कळ अडली. खांद्यावरून एवढं वजन उतरल्यासारखं क्वचितच वाटलं असेल. यादीतल्या एकेचाळिसाव्या नावापुढे खूण करायची मला चार दिवस आठवण झाली नाही.

तेव्हापासून मी अल्बममागे धबधबे लावायचं सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. सोडलेलं नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तर लावते. पण आता आधी विचारते, तुमच्या गावात आहे का. बरीच माणसं हसून नको म्हणतात. वहीत त्या पहिल्या रविवारच्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात मी फक्त 'मी' एवढंच लिहिलं आहे.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तीन-चार आठवड्यांनी मनीषाचा फोन आला आणि तो तात्यांनी तिच्या हातातून घेतला. काठी आता दाराआड उभी असते, म्हणाले, बांधावरून सरळ उतरतो. थुट्याची जोडी आहे, पिल्लंही निघाली आहेत, सकाळी ओढ्यात घाई नुसती. मी विचारलं, दोन्ही डोळ्यांनी आता कसं दिसतं.

"एकमत झालंय त्यांचं," तात्या म्हणाले.

मग हसू आवरत त्यांनी पुढचं सांगितलं. बालाजी आता पारावर बसून लोकांना थुट्याचे रंग सांगतो, एकेक बोट मोडून, आणि लोक त्याला हसतात. काल रागावून घरी आला.

"म्या म्हनलं त्याला, दम धर जरा. तुला बी चार महिने लागलेच की."